कॅमेरा कुणाकडे वळतो?

नेरच्या आमच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही परवा विचारले, हर्ष दुबे कोण? कुणालाच सांगता आले नाही. विराट कोहलीच्या धावा मात्र सर्वांना तोंडपाठ!

२०२४-२५ च्या रणजी हंगामात आपल्या विदर्भाच्या या दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम. विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. पण गाजले काय? बारा वर्षांनी रणजीत उतरलेला कोहली. दिल्ली-रेल्वे सामना प्रक्षेपणाच्या यादीतच नव्हता, कोहलीमुळे तो दाखवला गेला. त्याने धावा केल्या ६. यात कोहलीचा दोष नाही. आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ४८,३९० कोटी मोजणाऱ्या कंपन्या पैसा वसूल होईल तोच चेहरा दाखवणार.

पण मित्रांनो, हे टीव्हीपासून सुरू झाले असे समजू नका. टीव्ही नव्हता तेव्हाही कुणाला पुढे करायचे हे ठरवणारे होतेच.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा. ते मोजकेच सामने खेळले, बाकी वेळ मेजवान्यांत गेला. चेंडू टाकून खांदा झिजवला तो चांभार समाजातल्या पळवणकर बाळू यांनी. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. याच बाळूंना पुण्यात सवर्ण सहकारी पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. चेंडू शिवलेला चालायचा, कप चालत नव्हता! हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाला, तोही भांडून.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून आपणही त्यांना विसरायचे का? आम्हाला ते पटत नाही. राजकारणाचा हिशेब वेगळा, ११४ बळींचा वेगळा.

तेव्हा जात आडवी आली, आज बाजार आडवा येतो. दोन्ही एकच नव्हेत. पण राबणारा दिसत नाही आणि मिरवणारा दिसतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. ज्या पोराला आपल्यासारखा कुणी पडद्यावर दिसत नाही, ते मैदानात उतरण्याआधीच माघार घेते.

येत्या १४ एप्रिलला आम्ही वस्तीत बाळूंचा फोटो लावणार आहोत. शेजारी दुबेचाही. तुमच्या गावात कुणाचा लावणार?

जय भीम!