अँटिव्हायरसचे मूल्यमापन
अँटिव्हायरसचे मूल्यमापन म्हणजे संगणकावरील घातक प्रोग्राम ओळखण्याची क्षमता, संगणकाच्या वेगावर पडणारा भार आणि निर्दोष फाइलींना घातक ठरविण्याचे प्रमाण यांची तपासणी होय. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, कार्यक्षमता व वापरसुलभता यांसाठी प्रत्येकी कमाल ६ गुण देते. ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्‌ज ही संस्था आपल्या एका चाचणीत इंटरनेट जोडलेले असताना व नसताना ओळखीचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदविते. उजनी जलाशयाकाठच्या एखाद्या घरी जोडणी वारंवार तुटत असेल आणि फाइली पेनड्राइव्हवरून येत असतील, तर यांपैकी दुसरा आकडाच निर्णायक मानावा लागतो.

विंडोज ८ (२०१२) पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत असल्याने पुण्याच्या क्विक हीलसारख्या सशुल्क उत्पादनांची तुलना प्रथम त्याच्याशी होते. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. तिच्यावरून संरक्षण चालू असल्याचे कळते, त्याचा दर्जा मात्र कळत नाही.