दक्षिण टेक्सासमधील पेयोटे: विक्रीच्या वह्या आणि माळावरची मोजणी

पेयोटे हा जमिनीला चिकटून वाढणारा, बिनकाट्यांचा छोटा निवडुंग आहे. मेक्सिकोतील सान लुईस पोतोसीपासून उत्तरेला अमेरिकेच्या टेक्सास राज्यापर्यंत चुनखडीच्या कोरड्या माळांवर तो आपोआप उगवतो. जमिनीवर दिसतो तो निळसर हिरवा, मांसल, चपटा माथा. बहुतेक वेळा तो काही सेंटिमीटरच रुंद असतो. खाली जाड, निमुळते सोटमूळ असते. कोवळ्या रोपाच्या माथ्यावर पाच कंगोरे असतात, वय वाढते तसे ते आठ आणि पुढे तेरा होतात. इतर निवडुंगांना जिथे काटे असतात तिथे याला पांढऱ्या लोकरीचे पुंजके असतात. फूल फिकट गुलाबी. रानात बी रुजल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत साधारण दशक उलटते. काटेरी झुडपाच्या सावलीत रोप तगते, उघड्यावर बहुधा जळून जाते. अवर्षण पडले की पाणी आटून माथा आक्रसतो आणि मातीच्या पातळीखाली जातो, म्हणून उन्हाळ्यात पाहिलेला माळ आणि पावसानंतर पाहिलेला माळ यांची गणती जुळत नाही.

माणसाचा या वनस्पतीशी संबंध फार जुना आहे. टेक्सासमधील रिओ ग्रांदे नदीकाठच्या शुमला गुहांत सापडलेले पेयोटेचे नमुने रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचे ठरले. पुढच्या तपासणीत ते नुसते सुकवलेले माथे नसून, पेयोटे वाटून त्यात दुसऱ्या वनस्पतींचा चोथा मिसळून बनवलेल्या आकृती असल्याचे दिसून आले. मेक्सिकोतील विशारिका लोक पेयोटेला हिकुरी म्हणतात आणि त्यासाठी विरिकुता या पवित्र प्रदेशाची यात्रा करतात. १६२० मध्ये न्यू स्पेन या स्पॅनिश वसाहतीतील इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, पेयोटेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला, पण त्याने डोंगरातली प्रथा थांबली नाही. युरोपीय वनस्पतिशास्त्रात नोंद झाली ती १८४५ मध्ये, लमेर या फ्रेंच अभ्यासकाने केलेल्या वर्णनामुळे. लोफोफोरा ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली १८९४ मध्ये. तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मन रसायनज्ञ आर्थर हेफ्टर याने त्यातला मुख्य भ्रमकारी घटक, मेस्कॅलिन, वेगळा काढला.

अमेरिकेच्या हद्दीत पेयोटे मुबलक मिळण्याची जागा एकच: लारेडो शहराच्या पूर्वेला व दक्षिणेला वेब, झपाटा, जिम हॉग आणि स्टार या चार काउंट्यांमधला पट्टा. पश्चिम टेक्सासमध्येही तो तुरळक आढळतो, पण व्यापाराला पुरेल इतका नाही. या दक्षिण पट्ट्याला ‘पेयोटे गार्डन्स’ म्हणतात. नाव बागेचे असले तरी तिथे कोणी काही लावत नाही. तो काटेरी झुडपांचा माळ आहे आणि जवळपास सगळा खासगी रँचमालकांच्या ताब्यात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओक्लाहोमातील राखीव प्रदेशांत डांबलेल्या कायोवा, कोमांची आदी मूलनिवासी जमातींत पेयोटेचा रात्रभर चालणारा विधी पसरू लागला. विधी करणारे लोक उत्तरेत आणि वनस्पती दक्षिणेत, मध्ये शेकडो मैल. हा खंड भरून काढला रेल्वेने. १८८१ मध्ये कॉर्पस क्रिस्टी ते लारेडो हा लोहमार्ग पुरा झाला आणि पेयोटे पट्टा बाजाराला जोडला गेला. लॉस ओहुएलोस या जुन्या मेक्सिकन वस्तीतले लोक माळावर हिंडून पेयोटे कापत, उन्हात वाळवत आणि पोती भरून लारेडोच्या व्यापाऱ्यांकडे पोचवत. या कापणाऱ्यांना पेयोतेरो म्हणतात. कापलेला माथा वाळला की गोल, सुरकुतलेली चकती उरते. तिला बाजारात ‘बटण’ हे नाव पडले आणि व्यवहार हजारी भावाने होऊ लागला. वजनाऐवजी नगावर विक्री, ही या धंद्याची जुनी रीत आहे. पुढे सगळे आकडे बटणांतच मिळतात ते यामुळे.

पहिला मोठा आकडा नासधुशीतून आला. १९०९ मध्ये मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन’ खात्याचा विशेष अधिकारी विल्यम जॉन्सन लारेडोला आला, व्यापाऱ्यांकडचा साठा त्याने विकत घेतला आणि जाळून टाकला. तो साठा पावणेदोन लाख बटणांच्या आसपास होता. एका सरकारी मोहिमेने आपल्या यशाची ही मोजदाद केली, पण एका अर्थी व्यापाराच्या आकारमानाचा तो पहिला भरवशाचा अंदाज आहे. मागणी मात्र जळाली नाही. १९१८ मध्ये ओक्लाहोमात पेयोटेचा विधी पाळणाऱ्यांच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर नोंदणी झाली. जेम्स मूनी या मानववंशशास्त्रज्ञाने त्या कामी मदत केली आणि त्याची किंमत म्हणून त्याला राखीव प्रदेशात पुढचे संशोधन करू दिले गेले नाही.

लोहमार्गावरचे मिरांडो सिटी हे तेलाच्या शोधातून वसलेले गाव विसाव्या शतकात या धंद्याचे केंद्र बनले. तिथल्या अमादा कार्देनास यांचे घर चर्चच्या सभासदांना तीर्थस्थानासारखे झाले. वडील पेयोतेरो, नवरा पेयोतेरो, आणि त्या स्वतः परवानाधारक विक्रेत्या. अंगणात चौकटींवर पेयोटे वाळत असे आणि दूरदूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे तिथेच मुक्काम करून प्रार्थना करत. वयाची शंभरी गाठून २००५ मध्ये त्या वारल्या.

१९७० च्या संघीय अमली पदार्थ कायद्याने पेयोटे सर्वांत कडक बंदीच्या यादीत गेला, मात्र चर्चच्या विधींपुरती सूट राहिली. या सवलतीची अंमलबजावणी टेक्सासने आपल्या पद्धतीने केली. विक्रेत्याला राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागे आणि खरेदीदाराला चर्चचे सभासदत्व व किमान चौथा हिस्सा मूलनिवासी रक्त असल्याचा पुरावा दाखवावा लागे. १९९४ मध्ये संघीय कायद्यात दुरुस्ती होऊन मूलनिवासींचा विधीतील वापर स्पष्ट शब्दांत संरक्षित झाला. धर्माच्या बाजूने एवढी तरतूद झाली. ज्या माळावरून पेयोटे येतो तो माळ या कायद्यांत कुठेच नव्हता.

खात्याच्या नियमाने एक गोष्ट आपोआप साधली. प्रत्येक विक्रेत्याला किती बटणे विकली आणि किती पैसे आले याचा हिशेब द्यावा लागे, त्यामुळे रानटी वनस्पतीच्या व्यापाराची दीर्घकालीन आकडेवारी जमली. असे क्वचितच घडते. या आकडेवारीत दोन रेषा दिसतात. विकल्या गेलेल्या बटणांची संख्या १९९० च्या दशकात वर्षाला वीस लाखांच्या वर गेली आणि १९९७ मध्ये तेवीस लाखांच्या आसपास पोचली. त्यानंतर ती उतरत गेली. हजारी भाव मात्र चढत राहिला. परवानाधारक विक्रेते कमी होत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. हजारामागे नग तेच, पण नगाचा आकार लहान होत चालल्याची खरेदीदारांची तक्रार होती. हजार बटणांत पूर्वीइतका माल राहिला नाही, हे वहीत कुठेच उमटत नव्हते. कापले गेले तेवढे मोजले गेले. माळावर किती उरले, किती उगवले, कापलेल्यांपैकी किती पुन्हा फुटले, हे कोणीही लिहीत नव्हते.

अभ्यासक या माळावर आधी आले होते, पण वेगळ्या प्रश्नांसाठी. एडवर्ड अँडरसन याने १९६९ मध्ये लोफोफोराचा प्रसार, परिस्थिती आणि वर्गीकरण यांवर मोठा लेख लिहिला. भूगोलज्ञ जॉर्ज मॉर्गन याने १९७६ मध्ये पेयोतेरोंच्या धंद्यावर प्रबंध सादर केला आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ ओमर स्टुअर्टबरोबर त्याचा सविस्तर वृत्तांत छापला. अँडरसन १९९५ मध्ये पुन्हा या विषयाकडे वळला तेव्हा लेखाच्या शीर्षकातच त्याने संवर्धनाचे संकट उभे आहे काय, असा प्रश्न घातला होता. संकटाची कारणे उघड दिसत होती. रँचमालक कुरणासाठी झुडपे मुळासकट उपटत आणि बफेल गवत पेरत. असा खोल नांगर फिरला की त्या जागी पेयोटे परत येत नाही. अनेक मालकांनी कापणाऱ्यांना जमिनीत शिरू देणे बंद केले, त्यामुळे उघड्या राहिलेल्या थोड्या रँचवर सगळा भार पडला आणि तीच झाडे पुन्हा पुन्हा कापली गेली. चोरट्यांचा भाग वेगळाच.

कापण्याच्या रीतीवरही बरेच अवलंबून होते. पेयोटेचा फक्त वरचा हिरवा माथा कापला तर खाली राहिलेल्या खोडातून नवे माथे फुटतात. उसाच्या खोडव्याची कल्पना असणाऱ्याला हे नवे नाही, पण ऊस वर्षात उभा राहतो आणि पेयोटेला वर्षे लागतात. पेयोटेचे खोड कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होते, हे बाहेरून नजरेला कळत नाही. मार्टिन टेरी आणि जेम्स मॉसेथ यांनी २००६ मध्ये पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ही सीमा दाखवली. फुटवा येतो तो लोकरीच्या पुंजक्यांपाशी, आणि पुंजके फक्त खोडावर असतात. हिरव्या भागाखाली मातीत लपलेल्या तपकिरी खोडावर जुने, झिजलेले पुंजके शाबूत असतात आणि त्यांतून कोंब निघतो. मुळावर ते नसतात. सुरी त्याखाली गेली आणि नुसते मूळ उरले की झाड मेले. जाणते पेयोतेरो वरूनच सपाट कापत, घाईतला मजूर कुदळ खोल घालत असे. खोल कापण्यात फायदाही नव्हता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हिरव्या माथ्याच्या तुलनेत खालच्या खोडात मेस्कॅलिन सुमारे दहापट कमी आणि मुळात सुमारे शंभरपट कमी आढळले.

नीट कापलेले झाड परत येते हे ठरले, पण किती दिवसांनी? याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणारे नव्हते. टेक्सासच्या अल्पाइन येथील सल रॉस विद्यापीठात शिकवणाऱ्या टेरीने सहकाऱ्यांबरोबर दक्षिण टेक्सासमधील एका खासगी जागेवरची झाडे निवडली आणि वर्षानुवर्षे त्याच झाडांकडे परत जाण्याचे ठरवले. काही झाडे न कापता सोडली, काहींचा माथा एकदाच कापला, काहींचा दर दोन वर्षांनी. काम ऐकायला साधे, करायला किचकट. झुडपात वाकून प्रत्येक क्रमांकाचे झाड शोधायचे, माथ्यांची रुंदी मोजायची, त्यावरून आकारमान काढायचे, माथा दिसला नाही तर झाड मेले की मातीत बसले याचा छडा लावायचा. मध्येच २०११ साल आले. टेक्सासच्या नोंदींतले ते सर्वांत कोरडे वर्ष होते. अशा वर्षात न कापलेले झाडही आक्रसते, म्हणून तुलनेसाठी सोडलेल्या झाडांवाचून या मोजमापांचा काही अर्थ लागला नसता.

निष्कर्ष २०११, २०१२ आणि २०१४ अशा तीन लेखांतून क्रमाने आले. दोन वर्षांनंतर कापलेली बहुतेक झाडे जिवंत होती, पण त्यांचे एकूण आकारमान न कापलेल्यांच्या तुलनेत फारच कमी होते. एका मोठ्या माथ्याच्या जागी दोन-तीन लहान माथे आल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला झाड वाढल्यासारखे वाटे. पेयोतेरोच्या हिशेबात तर ती वाढच होती, कारण एका बटणाची तीन झाली. दर दोन वर्षांनी कापलेल्या झाडांचे माथे प्रत्येक खेपेला आणखी लहान निघाले, आणि सहा वर्षांच्या अखेरीस त्यांच्यातील मृत्यूही वाढलेले दिसले. एकदाच कापलेल्या झाडांनाही सहा वर्षांत आपला मूळ आकार गाठता आला नाही. म्हणून दोन कापण्यांमध्ये किमान आठ वर्षे जाऊ द्यावीत, अशी शिफारस झाली. प्रत्यक्ष धंद्यात त्याच जागेवर दोन वर्षांत परतणे नवलाचे नव्हते. बटणे लहान का होत चालली, हे विक्रीच्या वहीला सांगता न आलेले कोडे इथे सुटले.

एका जागेवरचे निष्कर्ष सगळीकडे लावता येत नाहीत. २०२१ मध्ये आना एर्माकोवा, टेरी आणि इतरांनी टेक्सासमधील सहा रानटी वस्त्यांची घनता, झाडांचे आकार आणि मांडणी यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. तोपर्यंत अशी मोजमापे छापील स्वरूपात जवळजवळ नव्हतीच. आंतरराष्ट्रीय लाल यादीत पेयोटे ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि जवळजवळ सर्व निवडुंगांप्रमाणे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

मूलनिवासींच्या पुढाकाराने चालणाऱ्या इंडिजिनस पेयोटे कॉन्झर्व्हेशन इनिशिएटिव्ह या संस्थेने जिम हॉग काउंटीत सुमारे ६०५ एकर जमीन मिळवली आहे. चर्चच्या लोकांना तिथे स्वतः येऊन वनस्पती पाहता येते आणि खालचे खोड शाबूत ठेवून कापण्याची रीत शिकता येते. रोपे तयार करून माळावर लावणे हा दुसरा मार्ग, पण संघीय कायद्यानुसार पेयोटे लावायलाही नोंदणी लागते. चर्चमधील अनेकांना कुंडीत वाढवलेला पेयोटे विधीसाठी चालेल की नाही, याविषयी शंका आहे. टेक्सासमधील सुमारे पंच्याण्णव टक्के जमीन खासगी असल्याने मोजणीसाठी नवी जागा मिळणे प्रत्येक वेळी एखाद्या मालकाच्या परवानगीवर ठरते, आणि मिळालेल्या जागेचा ठावठिकाणा चोरट्यांच्या भीतीने लेखांतही छापला जात नाही.