११ ऑक्टोबर १८९१ : ‘स्कान्सेन’ संग्रहालय खुले

स्वीडनची राजधानी स्टॉकहोममधील युर्गोर्डन बेटावर ११ ऑक्टोबर १८९१ रोजी ‘स्कान्सेन’ हे पारंपरिक घरांचे संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. कारखानदारीच्या रेट्यात खेड्यांतील जुनी राहणी लोप पावत असल्याचे ओळखून संग्रहालयाचे संस्थापक आर्टर हाझेलियस यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील लाकडी घरे, गोठे, कोठारे सुटी करून येथे आणली आणि पुन्हा उभारली. सेग्लोरा गावचे अठराव्या शतकातील लाकडी चर्चही १९१६ मध्ये येथे हलवण्यात आले. आज येथे सुमारे १५० वास्तू आहेत. भिंतींबरोबर चूल, भांडी, अवजारे आणि हस्तकौशल्येही जपली, तरच वास्तूचा वारसा खऱ्या अर्थाने टिकतो, हे हाझेलियस यांनी जगाला दाखवून दिले.