जपानी विचारातील निसर्ग : एक शब्द आणि एक लढा

जपानी मनुष्य स्वभावतःच निसर्गपूजक असतो, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याची ऐतिहासिक तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः आज जपानी भाषेत 'निसर्ग' या अर्थी वापरला जाणारा 'शिझेन' हा शब्द मूळचा चिनी असून 'आपोआप', 'स्वभावतः' हा त्याचा जुना अर्थ होय. मानवाहून भिन्न अशा बाह्य सृष्टीचे नाम म्हणून तो स्थिरावला तो मेजी काळात (१८६८–१९१२), पाश्चात्त्य ग्रंथांच्या भाषांतरांमुळे. तत्पूर्वी डोंगर, नदी, वृक्ष यांच्या ठायी 'कामी' म्हणजे दैवी शक्ती वसते, अशी श्रद्धा मात्र होती. मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या पंडिताच्या मते पशुपक्षी, वृक्ष, सागर, पर्वत यांपैकी जे जे असामान्य व विस्मयकारक, ते ते 'कामी' होय.

परंतु केवळ या श्रद्धेने वनांचे रक्षण झाले काय? १९०६ साली शासनाने ग्रामदेवस्थानांच्या एकत्रीकरणाचे धोरण स्वीकारले. थोडी पण सुस्थितीतील देवस्थाने राहावीत, हा त्यामागील हेतू. परिणामी सुमारे सत्तर हजार देवस्थाने नाहीशी झाली आणि आपल्याकडील देवरायांची आठवण करून देणारी त्यांच्या भोवतीची अनेक वने तोडली गेली. शिंतो धर्माची प्रतिष्ठा वाढविण्याच्या नावाखालीच हे घडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वाकायामा प्रांतातील मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) या वनस्पतिशास्त्रज्ञाने या धोरणास कडवा विरोध केला. १९१० साली त्यापायी त्याला कारावासही घडला. १९११ सालच्या पत्रव्यवहारात त्याने 'एकोरोगी', म्हणजे परिस्थितिविज्ञान, हा त्या वेळी नवखा असलेला शब्द योजिला. वन नष्ट झाले म्हणजे केवळ झाडे जात नाहीत. त्यांच्या आश्रयाने जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी, गावाचा इतिहास आणि ग्रामस्थांचा परस्परस्नेह हेही लोपतात, असे त्याचे प्रतिपादन होते. अखेर १९२० साली वरिष्ठ सभागृहाने एकत्रीकरण निरुपयोगी ठरविले. तोवर पुष्कळ वने गेली होती. तानाबे उपसागरातील काशिमा बेटाचे वन मात्र वाचले. १९२९ साली सम्राटाने त्यास भेट दिली व १९३५ साली ते नैसर्गिक स्मारक ठरले.

यावरून असे दिसते की, श्रद्धेने वन पवित्र ठरते. परंतु तीच श्रद्धा शासनाच्या हाती गेल्यावर त्याचे रक्षण करण्यास पुरी पडत नाही. त्यासाठी युक्तिवाद करणारा आणि त्याची किंमत मोजणारा मनुष्य लागतो.