तराजू धरणारे हात

'पॅथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस' (२०२१) या गेममध्ये ड्रेझन शहर जिंकलं की आपल्या अंगातल्या दैवी शक्तीची वाट निवडावी लागते. देवदूत होता येतं, दैत्यही होता येतं. मी ईऑन निवडला, कायदा आणि समतोल यांचा रखवालदार. गंमत म्हणजे या दोन्ही कल्पना मुळात वेगळ्या होत्या.

पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स'मध्ये (१९५३, कादंबरीरूपात १९६१) कायदा विरुद्ध अनागोंदी असा सरळ सामना आहे. माणसं कायद्याकडे, परीलोक अनागोंदीकडे. मायकेल मूरकॉकने १९६१पासून लिहिलेल्या एल्रिकच्या कथांमध्ये या दोघांच्या वर वैश्विक तराजू टांगला. निव्वळ अनागोंदीत काही टिकत नाही, निव्वळ कायद्यात काही उगवत नाही. म्हणजे समतोल हा कायद्यावरचाही अंकुश.

१९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने कायदा, तटस्थता, अनागोंदी असे तीन पक्ष मांडले. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडून तीन गुणिले तीन, नऊ घरं पक्की झाली. माझ्यासारख्या इंजिनिअरला असा तक्ता आवडणारच. पण त्याने एक मोठी गोष्ट केली: कायदा आणि चांगुलपणा यांची फारकत. कायद्याला चोख, पण ना भला ना बुरा, असं एक घर तयार झालं. गेममधला ईऑन त्याच घरात राहतो.

ईऑनला समोरच्याचे गुन्हे दिसतात आणि तो निवाडा देतो. (पुढे शेवट उघड होतो.) खऱ्या ईऑनच्या शेवटात तो भूतकाळात जाऊन 'वर्ल्डवूंड' ही दैत्यांची वाट उघडूच देत नाही. सुमारे शंभर वर्षांचं युद्ध पुसलं जातं, आणि त्या युद्धातून घडलेला नायकही.

गिटमध्ये एखादा बदल उलटवला, तरी मूळ नोंद लॉगमध्ये राहते. ईऑन लॉगच पुसतो. मेलेले वाचतात, पण त्यांनी दाखवलेलं धैर्यही कधी घडलेलं नसतं. अन्याय झाला होता हे ठाऊक असणारं कुणी उरलंच नाही, तर त्याला न्याय म्हणायचं की नुसती दुरुस्ती?

एल्रिकही शेवटी शिंग फुंकून आपलं जग संपवतो, नव्या जगाला समतोल मिळतो, आणि तो मरतो. पण त्याची गोष्ट निदान वाचकाकडे राहते. ईऑनचीही तशीच माझ्याकडे राहिली. त्या पुसलेल्या युद्धाचा साक्षीदार आता खेळणाराच.