शेड लपवायची तर सत्ता लागते

खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’मध्ये किंवा अंधारातल्या ‘डीप स्पेस’मध्ये कधी बसला असाल, तर एक प्रश्न विचारतो. ती राइड ज्या इमारतीत होती, ती बाहेरून कशी दिसत होती, आठवतंय? बहुतेकांना दार आठवतं, रांग आठवते. इमारत आठवत नाही. हे विसरणं मुद्दाम घडवलेलं असतं. त्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, लहान मुलांच्या करमणुकीची गोष्ट असेल. ती निघाली जमिनीची, कायद्याची आणि नगरपालिकेची.

आधी साधी अडचण समजून घेऊ. बंदिस्त राइडला काय लागतं? मध्ये खांब नसलेली मोठी जागा, पूर्ण अंधार, एसी, यंत्रं दुरुस्त करायला वाट आणि आग लागली तर बाहेर पडायला दारं. हे सगळं कमी खर्चात देणारा आकार म्हणजे गोदाम. चौकोनी खोकं, सपाट छप्पर. सिनेमाच्या स्टुडिओतला फ्लोअर असतो, तसंच. वॉल्ट डिस्नेची बरीच माणसं सिनेमातूनच आलेली. त्यांना खोक्याचं वावडं नव्हतं, फक्त ते प्रेक्षकाला दिसायला नको होतं.

१७ जुलै १९५५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात, संत्र्यांच्या बागा होत्या त्या जागेवर डिस्नेलँड सुरू झालं. आत आलेल्या माणसाला बाहेरचं जग दिसता कामा नये, हा वॉल्टचा हट्ट. म्हणून पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला, त्यावर झाडी लावली आणि बांधावरून छोटी आगगाडी फिरवली. बाहेरचा रस्ता, विजेचे खांब, सगळं आड गेलं.

पण थोड्याच वर्षांत हा बांधच अडचणीचा ठरू लागला. नव्या, मोठ्या राइड्सना आत जागा पुरेना. आणि आत प्रचंड शेड उभी केली, तर सगळा देखावाच बिघडणार.

तोडगा असा काढला: दार आत ठेवायचं, गोदाम बांधाच्या बाहेर बांधायचं आणि माणसं न्यायची आगगाडीच्या रुळांखालून!

१८ मार्च १९६७ ला सुरू झालेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ बघा. सुरुवातीचा बेत होता चालत बघायच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनाचा, आणि त्यासाठी तळघराचा खड्डाही खणून झाला होता. मग १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेची होडीतली राइड गाजली. होड्यांमधून किती माणसं भराभर पुढे सरकतात हे दिसलं आणि बेत बदलला. आजही तिथे होडी अंधारात धबधब्यावरून धाडकन खाली येते. लोक किंचाळतात. त्या किंचाळण्यात आपण रुळांच्या खाली चाललोय, याचा कुणाला पत्ताही लागत नाही. समुद्र, जळतं गाव, चाचे, हे सगळं बांधापलीकडच्या खोक्यात आहे.

‘हाँटेड मॅन्शन’ची गंमत याहून भारी. हवेलीचा दर्शनी भाग १९६३ मध्येच उभा होता, पण आत माणूस शिरला तो ९ ऑगस्ट १९६९ ला. मधली सहा वर्षं नुसती बंद हवेली! आत गेलं की एका खोलीत उभं करतात. दारं बंद होतात, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात, तसबिरी लांबत जातात. खरं म्हणजे ती खोली ही एक मोठी लिफ्ट आहे. छत जागेवरच राहतं, आपण खाली जातो. मग तसबिरी लावलेल्या बोळातून, पुन्हा रुळांखालूनच, बाहेरच्या गोदामात. पुढे १९७१ मध्ये फ्लोरिडात अशीच हवेली बांधली. तिथे माणसांना खाली न्यायची गरजच नव्हती. पण लोकांना ती खोली इतकी आवडली होती की ती ठेवली. फरक एवढाच की तिथे जमीन स्थिर राहते आणि छत वर जातं. अडचणीतून निघालेला तोडगा हीच खेळाची शान झाली.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. आता पुढे बघा.

बांध झाडापेक्षा उंच इमारत अडवू शकत नाही. डिस्नेलँड चाललं, तशी आजूबाजूला हॉटेलं उगवली आणि उंच उंच बांधायची स्वप्नं बघू लागली. परीकथेतल्या किल्ल्यामागे हॉटेलचा टॉवर दिसला तर? १९६० च्या दशकात हा विषय शहराच्या दारात गेला आणि अनाहाइमने पार्कभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. एका खासगी कंपनीचा देखावा टिकावा म्हणून शेजाऱ्याने स्वतःच्या जमिनीवर किती उंच बांधायचं, हे सरकारी नियमाने ठरलं. पर्यटकांमुळे शहराला पैसा मिळतो, त्यामुळे हा सौदा शहराला पटला असेलही. पण पडदा आता पार्कच्या फाटकाबाहेर आला होता.

फ्लोरिडात डिस्नेने हा धडा पुरेपूर वापरला. १९६४-६५ मध्ये वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. १९६७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘रीडी क्रीक’ नावाचा खास जिल्हा मंजूर केला. रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, एवढंच काय, बांधकामाचे नियमही त्या जिल्ह्याच्या हाती, आणि जिल्ह्यातली जवळपास सगळी जमीन डिस्नेची. शहराकडे अर्ज करण्यापेक्षा स्वतःच नगरपालिका झालेलं बरं! २०२३ मध्ये राज्य सरकार आणि डिस्ने यांचं बिनसलं आणि जिल्ह्याचं मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडे गेला. म्हणजे ५६ वर्षं ही सोय चालली.

एवढी जमीन, एवढा अधिकार असूनही नजर काही सुटत नाही. १९९४ मध्ये तिथे ‘टॉवर ऑफ टेरर’ हे पडक्या हॉटेलचं सोंग घेतलेलं १९९ फुटांचं उभं खोकं बांधलं. २०० फूट का नाही? तेवढी उंची झाली की विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि जुन्या हॉटेलवर लाल दिवा शोभणार कसा! शिवाय हा टॉवर डिस्नेच्याच एप्कॉट पार्कमधून, तिथल्या मोरोक्कोच्या देखाव्यामागे डोकावतो. म्हणून त्याचा रंग आणि माथा मोरोक्कोशी जुळेल असा केला. जे लपत नाही, ते शेजारच्या चित्रात मिसळून टाकायचं.

मला या कारागिरीचं कौतुकच आहे. पण ही सगळी काळजी घेतली गेली ती तिकीट काढून आत आलेल्या माणसाच्या नजरेची. खोकं बांधाच्या बाहेर आहे, आणि बाहेरच्याला तिकीट नाही.

आपल्याकडे मोठा प्रकल्प आला की रोजगार किती, पाणी कुठून आणणार, ट्रॅफिकचं काय, हे आपण विचारतो. विचारलंच पाहिजे. त्या यादीत अजून एक प्रश्न घाला: दर्शनी बाजू कुणाला दिसणार आणि गोदामाची पाठ कुणाच्या खिडकीसमोर येणार?