भात, मीठ आणि मान

कल्याण हे सातवाहनकाळापासूनचे नामांकित बंदर. येथील माल नाणेघाटाने जुन्नरकडे जाई. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी, तसेच एका सोनारानेही कान्हेरी लेण्यांस दाने दिली. त्यांची नावे शिलालेखांत कोरली गेली. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (सन १०६०) च्या लेखात शिलाहार राजा मामवाणीचे नाव आहे. मात्र खाचरांत भात पिकविणारे, आगरांत मीठ काढणारे आणि खाडीत जाळे टाकणारे बहुतेक अनामिकच राहिले. पुढे गावगाड्यात सुतार-लोहारांना खळ्यावर बलुते मिळे. कुळाचे धान्य मात्र खंडापायी सावकाराच्या कणगीत जाई. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक ठरला. देवाच्या दारी देणगीदाराइतकाच मान घामाच्या धन्यालाही असावा, हाच या इतिहासाचा बोध होय.